मशीनच्या पोटातलं मशीन

सुमेधाताई जोशींचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. दूधवाल्यानं डोळ्यांदेखत दूध मोजलं तरी त्या पातेलं उजेडाकडे नेऊन बघायच्या. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, रस्त्याला लागलं की परत येऊन पुन्हा ओढायचं. रिक्षावाला 'मावशी' म्हणाला, की 'हा मेला एवढा गोड का बोलतोय' म्हणून पर्स पोटाशी धरायची. अख्ख्या राहात्याच्या बाजारपेठेत त्यांची ही ख्याती होती, आणि ती त्यांच्या कानावर होती. "असू दे. फसून रडत बसण्यापेक्षा बरं," असं म्हणून त्या विषय संपवायच्या.

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता. ते म्हणजे छापखान्याचे मालक हनुमंतअण्णा.

ताईंचं माहेर कोल्हारचं. वडील भिक्षुकी करायचे, भाऊ नव्हता. नवरा लवकर गेला आणि सासरच्यांनी गोड बोलून सह्या घेऊन त्यांना मोकळं केलं. तिथूनच त्यांचा गोड बोलण्यावरचा विश्वास उडाला. टायपिंग येत होतं, म्हणून त्या अण्णांच्या छापखान्यात आल्या. तेव्हा अण्णा नुकतेच शेतीतून या धंद्यात पडलेले. पहिल्याच दिवाळीला ताई एकट्याच मशीनवर बसलेल्या बघून अण्णा म्हणाले होते, "ताई, भाऊबिजेला आमच्याकडं यायचं बरं का. भाऊ न्हाई म्हनून काय झालं? मी हाय की!" तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. अण्णांची लेक संस्कृती ताईंच्याच मांडीवर खेळली आणि 'आत्या' म्हणायला शिकली.

छापखान्याचं खरं पोट लग्नपत्रिकांवर चालायचं. आमच्याकडची पत्रिका म्हणजे चार ओळींचं काम नव्हे बाबा! आशीर्वाद देणारे, विनीत, प्रेषक, कार्यवाहक, समस्त भावकी, झालंच तर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं, की कुणीतरी जेवणाच्या ताटावरून उठलंच म्हणून समजा. त्यामुळे प्रूफ हातात देताना ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवायच्या: "नीट तपासून घ्या. कुणाचं नाव राहिलं असेल तर आत्ताच सांगा."

ताईंचे मराठी फॉन्ट फार जुने. काना वेगळा, वेलांटी वेगळी, एकेक तुकडा जोडून अक्षर उभं करायचं. ते फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालायचं. जुना कॉम्प्युटर मेला आणि नव्यानं ते चालवायला साफ नकार दिला, तेव्हा अण्णांचा पुतण्या वरद पुढं आला. संगमनेरला कॉम्प्युटरचं शिकून आलेला पोरगा. त्यानं नव्या कॉम्प्युटरच्या आत एक व्हर्च्युअल मशीन बसवलं. म्हणजे काय, तर खऱ्या कॉम्प्युटरच्या एका खिडकीत दुसरा, जुना कॉम्प्युटर चालू. आत जुनं विंडोज, जुनं सॉफ्टवेअर, ताईंचे जुने फॉन्ट. ताई त्याला 'पोटातलं मशीन' म्हणायच्या.

मशीन छान चाललं होतं. पौषात ताई भगवतीच्या यात्रेला कोल्हारला जाऊन आल्या आणि तिथून ते पडायला लागलं.

सकाळी ठीक असायचं. दुपारी जेवणं उरकून ताई कामाला लागल्या, की पोटातलं मशीन अडखळायचं, माउस जागेवर गोठायचा आणि त्या खिडकीत निळा पडदा यायचा. बाहेरचा कॉम्प्युटर मात्र ठणठणीत. अर्धवट जुळवलेली पत्रिका गेली ती गेलीच.

"आत्या, परत पडलं?" वरद विचारायचा.

"पडलं नाही, पाडलं," ताई त्याच्याकडे बघत म्हणायच्या.

कारण वरद कधीपासून मागे लागला होता, की हे जुने फॉन्ट सोडा, नवे शिका. आता नवे फॉन्ट आले की ताईंची गरज काय उरते? ताईंनी मनाशी गणित मांडून टाकलं. मशीन ह्यानं बसवलं, किल्ल्या ह्याच्या हातात, आणि फायदाही ह्याचाच. आणखी पुरावा तो काय हवा?

वरदनं मात्र खटपट सोडली नाही. आतल्या मशीनची मेमरी वाढवली, मग कमी केली. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर उपटून काढला. अँटिव्हायरसला या मशीनपासून लांब ठेवलं. शेवटी त्यानं मशीनची आधी काढून ठेवलेली नक्कल परत आणली. मशीन महिन्यापूर्वी होतं तसं झालं आणि महिन्याभराच्या पत्रिका पुसल्या गेल्या. ताईंनी शांतपणे पर्समधून पेनड्राइव्ह काढला. सगळ्या पत्रिका त्यावर होत्या. "मला ठाऊक होतं तू असं काही करशील," त्या म्हणाल्या. वरदला हसावं की रडावं कळेना.

त्या दुपारी निळा पडदा परत आलाच.

मग वरद स्वतःच्या लॉगिननं दिवसभर त्या कॉम्प्युटरवर बसला. तेच पोटातलं मशीन त्यानं दणकून चालवलं. काही म्हणजे काही झालं नाही. अण्णा मागे उभं राहून बघत होते. "वरद बसला की चालतंय, तुमी बसला की पडतंय," ते हसून म्हणाले. "ह्ये असं कसं वं, ताई?"

ताईंना ते हसणं लागलं. त्या रात्रभर तळमळल्या. अण्णा असं बोलणारे नव्हेत, ह्या पोरानं त्यांचे कान भरलेत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिकडे संस्कृतीचं लग्न ठरलेलं, आणि ताईंना वाटायला लागलं, की तिची पत्रिका हे आपलं इथलं शेवटचं काम. नोकरी एक वेळ जाऊ दे. पण अण्णांच्या मनातून उतरलो तर उभं कुणाच्या दारात राहायचं?

दुसऱ्या दिवशी वरद म्हणाला, "आत्या, आज तुमच्या लॉगिनला मी शेजारी बसतो. तुम्ही रोजचं काम करा."

ह्याला पासवर्ड हवाय, ताईंच्या मनात आलं. त्यांनी कीबोर्डवर पदर धरून पासवर्ड टाकला. वरदनं बिचाऱ्यानं मान फिरवली.

ताई काम करत होत्या. वरदनं कोपऱ्यात डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी खिडकी उघडून ठेवली होती. तिच्याकडे बघता बघता तो पुढे सरकला. "आत्या, काही डाउनलोड लावलंय?"

"मला येतं का ते?"

"मग थांबा. हात उचला." ताईंनी हात उचलले. जागा तरी कमी होतच होती. आता ताईसुद्धा राग विसरून बघायला लागल्या. "अगं बाई! कोण खातंय हे?"

वरद म्हणाला, "तुमचं पोटातलं मशीन म्हणजे बाहेरच्या डिस्कवरची एक मोठी फाइल. काम वाढलं की ती फुगते. घरच भरलं तर आतल्या खोलीनं हातपाय पसरायचे कुठं? लिहायला जागा मिळत नाही, म्हणून ते कोसळतंय. पण मी रोज संध्याकाळी बघायचो तेव्हा जागा मोकळी असायची."

शोधता शोधता एक लपवलेला फोल्डर सापडला. आत व्हिडिओ, आजच सकाळपासूनचे. वरदनं एक उघडला.

पडद्यावर ताईंचाच पडदा होता. त्यांनी जुळवलेली नावं, खोडलेली नावं. चहा पिताना जागेवर थांबलेला माउस. मधेच मोबाईलवर दिसत नाही म्हणून इथं शोधलेला गुडघेदुखीचा उपाय, तोही. न्हाणीघराच्या फटीतून कुणी बघत असल्याचं कळावं, तशा ताई अंग आवळून बसल्या.

"हे मी नाही केलं, आत्या. देवाशपथ." वरदचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं सेटिंग उघडलं. हे रेकॉर्डिंग फक्त ताईंच्या लॉगिनला चालू व्हायचं. दुकान बंद करायच्या सुमारास ते इंटरनेटवर चढायचं, त्याची लिंक एका ईमेलच्या पत्त्यावर जायची आणि इथलं पुसलं जायचं. पत्ता अण्णांचा होता.

"पत्ता काय, कुणीही टाकेल," ताई म्हणाल्या. "तूही."

वरदच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही ताईंनी संशयानंच पाहिलं. पण आत कुठंतरी पाल चुकचुकलीच. यात्रेच्या आधी अण्णांनी एक पत्रिका दाखवली होती. दुसऱ्याच प्रेसची, पण वर ताईंनी काढलेला गणपती, ताईंचीच वेलबुट्टी. "आपलं डिझाइन भाईर जातंय वाटतं," अण्णा म्हणाले होते, आणि लगेच, "जाऊ द्या, ताई." अहो, जाणारच! नवी पत्रिका झाली, की अण्णाच कौतुकानं मोबाईलच्या स्टेटसला लावायचे. सगळा तालुका बघायचा. आणि मग त्यांनीच आग्रह केला होता: "भगवतीला जाऊन या. दुकानात कॅमेरेवाला यायचाय, लई धूळ हुईल." कॅमेरे बसले होते खरे. त्या दिवशी आणखी काय बसलं?

"काढून टाकू हे?" वरदनं विचारलं.

"नको. आहे तसं चालू दे. फक्त जागा करून दे. आज मशीन पडायला नको."

वरदनं जुने स्कॅन हलवून जागा केली. ताईंनी त्याला कागद आणायला श्रीरामपूरला पिटाळलं आणि मग संस्कृतीची पत्रिका उघडली. ती पहिल्यांदा जुळवली, तेव्हा अण्णा खुर्चीमागे उभे होते. "लिवा, ताई. श्रीमती सुमेधा जोशी, आत्या. आमच्या भावकीतल्या बायांच्या वर टाका. कुनी बोललं तर मी हाय." तेव्हा ताईंना टाइप करायला अक्षरं दिसेनात.

आता त्यांनी त्याच ओळीवर माउस नेला. सावकाश, कुणालाही नीट दिसेल असं, एकेक तुकडा खोडला. काना गेला, वेलांटी गेली. ओळ रिकामी झाली. फाइल साठवली. प्रूफ काढलं नाही, कुणाला पाठवलं नाही, वरदलाही सांगितलं नाही.

घरी जाऊन त्यांनी देवापुढं दिवा लावला आणि मागायचं तेच मागितलं. 'उद्या अण्णांनी काही म्हणजे काही बोलू नये. पोरगा चोर निघाला तरी चालेल गं भगवती, पण अण्णा नको.'

सकाळी ताई मशीन चालू करत होत्या, तोवर अण्णा आलेच. तोंड उतरलेलं. खुर्ची ओढून ते ताईंच्या शेजारी बसले.

"ताई, माझ्यावर राग हाय का तुमचा?" त्यांचा आवाज खरोखर दाटून आला होता. "संस्कृतीच्या पत्रिकेतनं तुमचं नाव का वं काढलं?"

ताईंनी डोळे मिटले. माया खोटी नव्हती, हेच तर वाईट होतं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "प्रूफ अजून कुणालाच दाखवलं नाही मी. तुम्हाला कसं कळलं?"

अण्णांची नजर मशीनकडे गेली, तिथून दारात उभ्या वरदकडे, आणि मग खाली. "ताई, त्ये डिझाइनचं झालं म्हनून..." एवढंच ते बोलले.

ताईंनी वरदला आत बोलावलं. "माझं चुकलं रे, बाळा," त्या अण्णांसमोरच म्हणाल्या. मग त्यांनी पत्रिकेचं प्रूफ काढलं, कागद अण्णांच्या हातात दिला आणि पर्स खांद्याला लावली.

"नीट तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "कुणाचं नाव राहिलं असेल, तर वरदला सांगा."