पडवी कुणाची

आकुर्डीच्या शालनबाईला राहतं घर काही फुकटात मिळालं नव्हतं. नवरा गेल्यावर त्या दोन खोल्यांवर आपलं नाव चढवायला तिला चार वर्षं लागली. धाकटा दीर हिंदुराव आडवा पडला होता. घराला लागून असलेली पडवी तरी माझी, असं तो पंचायतीत डोळे पुसत सांगायचा, आणि गावचे पंच मारुतराव त्याची री ओढायचे. बाई सगळ्यांना पुरून उरली. घर-पडवी मिळून घरपट्टीची पावती तिच्या नावानं आली त्या दिवशी तिनं पेढे वाटले नाहीत. घरी आली आणि भरदुपारी झोपली. इतकी ती दमली होती.

हिंदुराव मुंबईला निघून गेला आणि तीन वर्षांनी एक वळकटी घेऊन तिच्याच दारात उभा राहिला. आपल्याकडं नातं तुटत नाही हेच खरं दुखणं. दिराला रस्त्यावर कसा निजवायचा, म्हणून बाईनं त्याला तीच पडवी दिली आणि आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

त्या साली, म्हणजे चोपन्नला, पिंपरीकडं कारखान्याची बांधकामं चालली होती. शालनबाई तिथं पाट्या वाहायला जायची. कामावरच्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची बारीक गोळी चाटवून झाडाखाली निजवत. पोर दिवसभर हू की चू करत नसे आणि मुकादमही खूश. जुनी रीत होती. कुणाला त्यात पाप वाटत नव्हतं. एकदा मात्र एक पोर दिवस कलला तरी उठेना. आई त्याच्या तळपायावर चापट्या मारीत होती. ते शेवटी रडलं तेव्हा सगळ्या बाया रडल्या. गोळी हिंदुरावाकडची होती.

"भावजी, ह्यो धंदा माज्या छपराखाली नको," घरी येऊन ती म्हणाली.

"वैनी, मी तुमच्या वाटंला जातो का? पडवीत असतो, माजं मी शिजवून खातो."

शेजारच्या नूरबीनं तिला बजावलंही. "शालन, घर तुज्या नावावर हाय. धाड पडली तर बेडी तुज्या हातात पडंल."

"पडू दे. त्याला हाकलायला पुन्ना भांडायचं? माज्यात तेवढी ताकद न्हाई ऱ्हायली गं."

माणूस थकला की शहाणपणही त्याला ओझं होतं.

पुढं आठ-पंधरा दिवसांनी सकाळीच फौजदार आला. सोबत दोन शिपाई, आणि पंच म्हणून मारुतराव. मारुतरावांना पाहिलं आणि शालनबाईचं डोकं फिरलं. दिरानं वाटणीचा अर्ज केला, हिश्शाची मोजणी करायला हे आलेत, अशी तिची खातरीच झाली.

"घर कुणाचं?" फौजदारानं विचारलं.

"माजं."

"आणि पडवी?"

"पडवीबी माजीच. तितला खिळासुद्दा माजा. ह्या हिंदुरावाचं हितं काडीइतकंबी काय न्हाई. ल्हिवा, मी अंगठा देते."

फौजदारानं लिहून घेतलं. तिनं तावातावानं अंगठा दिला. मग शिपायानं पडवीच्या आढ्यातून एक पत्र्याचा डबा खाली काढला. झाकण उघडलं तर आत अफूच्या काळ्या गोळ्या.

शालनबाईनं दिराकडं पाहिलं. एका शब्दानं तो तिला सोडवू शकला असता. तो फौजदाराला म्हणाला, "वैनी खरं बोलत्यात सायेब. माजं हितं काय न्हाई."

फौजदारही काही दूधखुळा नव्हता. त्यानं दोघांनाही नेलं. नूरबीचा नवरा बरकत जामीन राहिला म्हणून बाई घरी तरी आली.

पुण्याच्या वकिलांनी तिला समोर बसवून सांगितलं, "बाई, जागा ज्याच्या ताब्यात, माल त्याचा, असंच कोर्ट धरून चालणार. त्यात तुम्ही अंगठा देऊन बसलात. आता एकच वाट. पडवी दिराची, तो वेगळा राहतो, तिथं तुमचा पाय नाही, असं सांगा. नूरबी साक्ष देईल."

"मंग पडवी त्येची व्हईल."

"कागद तसंच बोलेल. नाहीतर तुरुंग आहे."

तारखेच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. चार वर्षं पंचायतीत जे नाही नाही म्हणून ती ओरडली होती, तेच तिला आता स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं. "पडवी हिंदुरावाची हाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की न्यायाधीशांनी पुन्हा म्हणायला लावलं.

ती सुटली, हिंदुरावाला सहा महिने झाले. जाताना तो तिच्याकडं बघून हसला. "वैनी, लई उपकार झाले."

सहा महिन्यांनी तो आला तो निकालाची सहीशिक्क्याची नक्कल घेऊन. चावडीवर वाचून दाखवली. पडवी हिंदुरावाची, असं त्यात खुद्द बाईच्या तोंडचं लिहिलेलं होतं. शालनबाईनं दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि घरातून पडवीत जाणारं दार विटांनी बुजवायला सांगितलं.

"मावशी, गिलावा दोन्ही अंगांनी करू का?" गवंड्यानं विचारलं.

"माज्या अंगानं कर. पल्याड काय हाय ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली, आणि भिंतीपलीकडून एक बाई हिंदुरावाला विचारताना ऐकू आली, तीन महिन्यांच्या पोराला गोळी केवढी द्यायची.