मशीन काढा म्हणणारं माणूस

आमच्या काळाचौकीच्या चाळीत कुणाच्या खोलीत चार माणसं आणि एक पेन दिसलं, की बिल्डर आला असं समजतात. त्यामुळे आम्ही नवरा-बायकोने शेजारच्या वहिनींना आणि समोरच्या मास्तरांना साक्षीदार म्हणून सह्या करायला बोलावलं, तेव्हा वहिनी दारातच अडल्या.

"संमतीपत्र असेल तर मी आधी मुलाला विचारणार."

"बिल्डरचं नाही हो," हे म्हणाले. "मरणाचं आहे. शेवटी मला मशीन लावून, नळ्या घालून लटकत ठेवू नका, असं आत्ताच लिहून ठेवतोय."

"मग हरकत नाही," म्हणत वहिनी आत येऊन बसल्या आणि पोह्यांची चौकशी केली.

तीन वर्षांपूर्वी ह्यांचा डावा हात थरथरायला लागला. पार्किन्सन. ह्यांचे थोरले भाऊ याच दुखण्याने दीड वर्ष नाकात नळी घालून पडून होते, ते ह्यांनी बघितलंय. आधी तर मला म्हणाले, "अगं, तशी वेळ आली की झोपेच्या गोळ्या शिकरणीत घाल, मी गुपचूप खाईन." मी म्हटलं, "तुम्ही सुटाल, आणि मी या वयात जेलची डाळ खाऊ? वर साखर कमी पडली म्हणून तेव्हाही नाक मुरडाल." हसलो आम्ही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शेवटी कायद्यात बसतो तेवढा हा कागद ठरला.

त्यात एक जागा होती. आपली शुद्ध गेली तर उपचार थांबवा असं डॉक्टरांना कोण सांगणार, त्या माणसाचं नाव आणि त्याचीही सही. ह्यांनी माझं नाव घातलं.

"हिचं काळीज घट्ट आहे," मास्तरांना म्हणाले. "माझी आरामखुर्ची हिने माझ्या डोळ्यांदेखत भंगारवाल्याला दिली."

एवढा संसार केला, आणि माझी परीक्षा कशावरून, तर मोडक्या खुर्चीवरून. माझं डोकंच फिरलं. त्या रागातच सही ठोकली.

मग मी कपाटातून दुसरा कागद काढला. माझा. त्यात नाव ह्यांचं.

ह्यांनी तो दोनदा वाचला. "तुला काय धाड भरलीय?"

"आज नाही भरली. पण भरली तर सांगाल ना डॉक्टरांना?"

ह्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. "आज हात फार थरथरतोय गं."

"अहो, थरथरतो तो डावा," मास्तर म्हणाले. "सही तर उजव्याने करता ना?"

"मास्तरांना अजून पोहे दे," हे म्हणाले.

याला आठ महिने झाले. ह्यांचा कागद नोटरी होऊन आला. माझा रेशनकार्डाच्या पिशवीत तसाच आहे. ह्यांना चिडवायचं असलं की मी तो चहाच्या कपाशेजारी ठेवते, आणि ह्यांचा चांगला उजवा हात लगेच थरथरायला लागतो. मला हसू येतं, आणि रागही येतो. मी ह्यांना सोडायचं, ह्यांनी मात्र मला नाही.

ह्यांनी सही केली असती तर मला फार लागलं असतं. माझ्या सहीने ह्यांना लागलं का, ते मी अजून विचारलेलं नाही.