चौकटीतली डॉक्टरीण

१४ मे १९७२, रविवार. ठरलेली रक्कम एक हजार एक रुपये. अमडापूरला आमच्या ओसरीवर वडील, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे मोठे बाबा, नवऱ्या मुलाचे वडील, मुलाचे मामा आणि मी, असे पाच जण बसलो होतो. ताईच्या लग्नाची याद, म्हणजे देण्याघेण्याची यादी, मी लिहीत होतो. वय पंधरा, पण अक्षर बरं आणि बेरीज चुकत नाही म्हणून ते काम माझ्याकडे आलं. हुंड्याला कायद्याने बंदी होती, त्यामुळे रकमेपुढे ‘मानपान’ लिहायला सांगितलं.

ताई अठरा वर्षांची, मॅट्रिक झालेली. बुलढाण्याला नर्सच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. महिनाअखेर पंचेचाळीस रुपये भरून हजर व्हायचं होतं. ते पैसे तिने दुसऱ्यांच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधून जमवले होते.

आम्ही वांगी विकायला चिखलीला गेलो, की मी रद्दीवाल्याकडून एका मुखवटेवाल्या वीराची जुनी चित्रांची पुस्तकं आणायचो. मी मारामारी बघायचो. ताई बघायची ती वीराच्या बाईकडे. ही बाई डॉक्टर आहे, असं पहिल्याच पानावर छापलेलं असे.

“डाक्टरीण हाय म्हणते, मंग कोणाले तपासत काऊन नाही बे?” ताई म्हणाली. “मोज बरं. तुले हिशेब येते ना?”

मी मोजलं. तीन पुस्तकांत मिळून ती चित्रांच्या एकसष्ट चौकटींत होती. दोरीने बांधलेली चोवीस, वीराचा दंड धरलेली सतरा, खिडकीशी वाट पाहणारी अकरा, किंचाळणारी नऊ. रोगी तपासताना एकही नाही. “आता काय होईल?” हे वाक्य तिच्या तोंडी आठ वेळा होतं.

“एवढ्या शिकल्या बाईले एक गाठ सुटत नाही,” ताई हसली. “मी असती तं दातानं तोडली असती दोरी.”

बैठकीत ताई पोहे घेऊन आली तेव्हा मुलाचे मामा म्हणाले, “पोरगी नर्स होऊन राह्यली म्हणे. नवऱ्याले रोज सुई टोचन का?”

सगळे हसले. वडीलही हसले. “नुसता अर्ज होता हो. आता कायचं शिक्षण?”

मी पाणी प्यायला आत गेलो. ताईने बाही धरली.

“एक ओळ लिह. शिक्षण पुरं करू द्यावं, एवढीच. सारे आंगठे उठवणारे, कोण वाचते?”

“बैठकीत बोलले तेच लिहिता येते, ताई.”

“मंग तू बोल ना.”

मी बाहेर येऊन बसलो. सायकल, हातघड्याळ, पाच भांडी, अशा सांगितल्या तेवढ्याच ओळी लिहिल्या. यादीत खोटं काही घातलं नाही याचं मला तेव्हा समाधानच वाटलं. मामांनी याद वाचून न घेताच अंगठा उठवला.

ताईने पुन्हा विचारलं नाही. त्या चौकटी काढणारी माणसं कुठली कोण, मला माहीत नव्हतं. ही याद मात्र माझ्या अक्षरात होती, आणि तिच्यात ताईला ‘मुलगी’ म्हणून एकच जागा होती.

लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. एक हजार एक, आणि ऐनवेळी मागितलेले वरचे पन्नास, मुलाच्या वडिलांना दिले. वाजंत्रीवाल्याला द्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा वडिलांनी ताईपुढे हात केला. तिने ट्रंकेतून पंचेचाळीस रुपये काढून दिले. ते मी मोजून वाजंत्रीवाल्याच्या हातावर ठेवले.