जीपला सांगितलेली ज्वारी

मी राग विसरत नाही. माझ्या मार्गदर्शक सरांना मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

तेलंगण वेगळं व्हायच्या आधीचे, आंध्र प्रदेशचे दिवस होते. मी हैदराबादला पीएच.डी. करत होते. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र एकत्र घेऊन जगाचा अभ्यास करायचा, असा तो नवा विभाग. जगाच्या बाजारानं एका गावाचं काय केलं, हा माझा विषय. गाव माझंच, आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याजवळचं. माय तिथं लोकांच्या वावरात मजुरी करायची.

पहिल्या पाहणीला सरांनी मला सरकारी जीपमधून पाठवलं, सोबत महसूल खात्याचा गिरदावर. घरोघर विचारलं, काय पेरता? जो तो म्हणे, "जवारी." कापूस वेचून बोटं फाटलेली माझी मायसुद्धा तोंड वर करून म्हणाली, "जवारीच हाय बाई समदी." मला, पोटच्या पोरीला, बाई म्हणाली.

गिरदावर गेल्यावर मी चिडले. "काऊन खोटं बोलली?"

"जीपसंगं आली होती ना तू? जीपले कोनी खरं सांगते का? कापूस सांगतला का पैसेवाले समजून रेशनकार्ड कापतेत मंग."

खरंच होतं. मग मी पायी फिरले. मायसोबत कापूस वेचत, झाडांच्या दोन ओळींमधल्या तासात उभं राहून तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि इंग्रजीत दुसरी वही भरली. गावभर कापूस होता, ज्वारी नावाला.

दोन्ही वह्या सरांपुढे ठेवून मी सांगितलं, पहिली चुकीची आहे. पण पाहणीहून आल्या आल्याच त्यांनी पहिलीची नक्कल घेतली होती आणि तिच्यावरून लिहिलेला त्यांचा शोधनिबंध परदेशी गेलासुद्धा होता. जगाचा बाजार जिथं पोचलाच नाही असं ज्वारीचं स्वयंपूर्ण गाव म्हणे. निबंधात माझं नाव नव्हतं, आभारातही नव्हतं. दुसरी वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'अनावश्यक', खाली सही ठोकली. वर म्हणाले, "फार शहाणपणा करशील तर प्रबंधावर माझी सही विसर." माझ्या मुदतीचं एकच वर्ष उरलं होतं. ती सही नसती तर पाच वर्षं पाण्यात. मी वाद सोडून दिला. वही मात्र जपून ठेवली.

पुढच्या वर्षी तो निबंध वाचून परदेशातून एक वयस्क प्राध्यापक बाई आल्या. त्यांना गाव बघायचं होतं. माझ्या लिहून झालेल्या प्रबंधावरची सही अजून हातात असल्यानं सर निर्धास्त होते; म्हणाले, दिवस तू ठरव, दुभाषी तूच. उन्हाळ्यात नेलं असतं तर नुसती काळी जमीन दिसली असती आणि सर वाचले असते. मी दिवाळीनंतरचा आठवडा धरला. ऐन वेचणीचा.

बेला मागं पडलं आणि दोन्ही अंगांनी फुटलेला कापूसच कापूस. बाईंनी विचारलं, ज्वारी कुठे आहे? सर घाम पुसत म्हणाले, "पाहणी हिनं केली होती." निबंधात न मावलेली मी तिथं त्यांना बरोबर आठवले.

मी पिशवीतून दुसरी वही काढून बाईंना दिली. त्यांनी पुठ्ठा वाचला, सही वाचली, सरांकडे बघितलं आणि वही उघडून तिथंच उभ्यानं वाचायला लागल्या.

तेवढ्यात ओटीत कापूस घेऊन माय आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "सायेब, दोन घास खाऊन जा," म्हणत तिनं भाकरीचं फडकं सोडलं. सरांच्या जिवात जीव आला. बाईंना ऐकू जाईल असं त्यांनी मायला विचारलं, "ही ज्वारीचीच ना?"

"हो, जवारीचीच. बेल्याच्या बाजारातून इकत आनतो. इथं कोन पेरते?"

मी त्यातला शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, सावकाश. मला घाई नव्हती.

बाईंनी वही मिटली आणि सरांना विचारलं, हिचा प्रबंध मला कधी वाचायला मिळेल? आठ दिवसांत सही झाली.

प्रबंधाच्या आभारात माझी माय आहे, गावातल्या वेचणाऱ्या बाया आहेत, तो गिरदावरसुद्धा आहे. सर नाहीत.