फुलीचा खोका

२००३ साल. माझं वय चोपन्न. शाळा चौथीपर्यंत, पण काचसामान माझ्यासारखं बांधणारा मस्कतमध्ये दाखवा म्हटलं की आमचा अर्बाब, म्हणजे मालकही, गप्प बसायचा. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत पॅकर होतो मी.

आमची रीत अशी. देश सोडून जाणारा गोरा ज्या खोक्यावर काळी फुली मारेल, तो जहाजावर चढत नाही. तो कचऱ्यात, नाहीतर पॅकरच्या घरी. कागद नाही, सही नाही. मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाने काही वर्षांपूर्वी असाच एक खोका पायाने माझ्याकडे सरकवला. आत गाण्याच्या तबकड्या, साध्या पांढऱ्या पाकिटांत. दार्सैत भागातल्या माझ्या खोलीवर आणल्या. वाजवायचं यंत्रही अशाच दुसऱ्या फुलीच्या खोक्यातलं. गाणं त्यात नव्हतंच, नुसती पितळी वाद्यं आणि मागे ढोल. खोलीतला रत्नागिरीचा सुतार म्हणाला, "चाचा, वरात वाट चुकलीय."

मी हट्टाने ऐकत राहिलो. दर जुम्म्याला, नमाजाहून आल्यावर. पुढे पुढे वरात कुठे वळणार ते मला आधीच कळायला लागलं. ऑफिसात त्या तबकड्यांची फुशारकीही मारली.

मग एका दुपारी अर्बाबचा फोन. "इंग्लंड से आदमी आया. वो बुड्ढा साहब मर गया. जवानी में दोस्त लोग के साथ बाजा बजाता था, रेकॉर्ड भी खुद निकाला, कंपनी नहीं. अब किधर मिलता नहीं. तुम्हारे पास है ना? कल सुबह लेके आना."

फोन बंद. कुठेच न मिळणारी वस्तू पॅकरच्या खाटेखाली कशी, असं विचारलं तर दाखवू काय? देणारा मातीत गेला. फुली काय, कोणीही मारील. चोर म्हटलं की आधी पोलीस, मग परतीचं विमान, आणि मग गावात कुठल्या तोंडाने उतरायचं?

सुतार म्हणाला, "कचऱ्याच्या ड्रममध्ये टाका. नाही म्हणून सांगा. खलास."

"फेकतो तो चोर."

"आणि ठेवतो तो?"

मी त्याला शिवी दिली. रात्री ताटातली मासळी तशीच राहिली. जिन्यावर बूट वाजले की नजर खाटेखाली जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घातला आणि खोका खांद्यावर घेतला. टॅक्सी केली नाही, लपवून आणला असं कोणी म्हणायला नको. फुली रस्त्याकडे दिसेल अशी धरून दार्सैतहून रुवीच्या ऑफिसपर्यंत चालत गेलो. अर्बाबच्या टेबलावर खोका ठेवला, फुली त्याच्याकडे वळवली, आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसलो. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो.