परवानगी नाकारणारं यंत्र

नाव शिगेमात्सु योशिआकी. वय छप्पन्न, मुक्काम जपानमधलं इमाबारी. हुद्दा: टॉवेल विणणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या माहिती व्यवस्था विभागाचे प्रमुख. विभागाची मंजूर संख्या एक, प्रत्यक्ष हजर संख्या एक. कर्तव्ये: संगणकांची देखभाल, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणे आणि वरिष्ठ सांगतील ती अन्य कामे. विशेष प्रावीण्य: युनिक्स. हा शब्द कंपनीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नसल्याने या प्रावीण्याला आजवर कुणी आव्हान दिलेलं नाही.

हे युनिक्स मागांच्या दालनात, एका काचेच्या खोलीत राहत असे. कुठला धागा कधी उचलायचा हे मागांना सांगणारा तो एक जुना, पिवळट पडलेला संगणक. नक्षी मात्र पलीकडच्या इमारतीत, कचेरीत, विंडोजवर तयार होई आणि तिथल्या सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये पडे. युनिक्सने ते फोल्डर स्वतःला जोडून घ्यायचं, म्हणजे शेजाऱ्याचं कपाट आपल्याच भिंतीत असल्यासारखं उघडायचं, अशी सोय शिगेमात्सुंनी चौदा वर्षांपूर्वी लावून दिली होती. दोघा शेजाऱ्यांचं एकमेकांशी फारसं बोलणं नव्हतं, पण कुरबुरही नव्हती.

मग कचेरीत नवा सर्व्हर आला. सोमवारी सकाळची सभा आटोपल्यावर तो सुरू झाला. युनिक्सने नेहमीप्रमाणे कपाटाला हात घातला आणि पडद्यावर दोन शब्द उमटले: परवानगी नाकारली.

उन्हाळी उत्सवाचे चारशे टॉवेल अडले. पेनड्राइव्हवर कंपनीत बंदी होती, आणि ती बंदी शिगेमात्सुंनीच घालून घेतली होती. संचालकांनी शुक्रवार सकाळची मुदत दिली. तोवर जमलं नाही तर ओसाकाच्या एका फर्मला बोलवायचं, माहिती विभाग तिच्या हवाली करायचा आणि शिगेमात्सुंची बदली माल रवानगी विभागात करायची. रवानगीचा प्रमुख त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. मेहुणा मनाने वाईट नव्हता, हीच खरी अडचण. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो मुद्दाम येऊन बसला.

"भाऊजी, अजिबात काळजी करू नका. तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल बघून ठेवलंय. ऊन लागलं की हाडं चांगली राहतात."

शिगेमात्सुंनी त्याचे आभार मानले आणि डब्यातला भात अर्धा टाकून खोलीत परतले.

मंगळवारी त्यांनी केबल बदलली. सर्व्हरला नावाऐवजी आकडी पत्त्याने हाक मारून पाहिली. पासवर्ड तीनदा टाकला, तिसऱ्यांदा तोंडाने पुटपुटत. नव्या सर्व्हरला जुनी बोली कळत नसेल म्हणून दुसऱ्या आवृत्तीत विचारलं, मग तिसरीत. परवानगी नाकारली. नकार देणारा कारण सांगत नसला की माणूस स्वतःतच दोष शोधू लागतो. शिगेमात्सुंना तो सापडायलाही लागला होता, कारण त्याच आठवड्यात त्यांना उशीर होऊ लागला होता.

कचेरीत रोज साडेआठला सकाळची सभा भरे. शिगेमात्सु तीस वर्षं तिथे आठ पंचविसाला हजर असत, कारण पाच मिनिटं आधी येणं म्हणजेच वेळेवर येणं. मंगळवारी ते आत आले तर सगळे रांगेत उभे. सामान्य प्रशासनाच्या प्रमुख सोगाबेबाई, ज्यांच्या शिक्क्याशिवाय कंपनीत दिव्याचा बल्बही बदलत नाही, शांतपणे म्हणाल्या, "दोन मिनिटं, शिगेमात्सुसान." बुधवारी ते जवळजवळ पळत आले. "एक मिनिट," बाई म्हणाल्या. "सुधारणा आहे."

गुरुवारी त्यांनी आधी भिंतीवर पाहिलं, मग मनगटावर. भिंतीवर आठ एकतीस, मनगटावर आठ चोवीस. मनगटावरचं घड्याळ रेडिओवरून देशाची प्रमाणवेळ घेणारं होतं. भिंतीवरचं नव्या सर्व्हरकडून घेत होतं.

सभा संपताच ते खोलीत गेले आणि यंत्राची अंतर्गत नोंदवही उघडली. ओळख पटवण्याचा नियम तिथे स्पष्ट होता: दोघांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही. नकाराचं कारण सोमवारपासून दर मिनिटाला लिहिलं जात होतं. वाचायला कुणी गेलं नव्हतं, आणि जाण्याचं काम त्यांचंच होतं.

नक्षी विभागात चौकशी केल्यावर कळलं की सात मिनिटांचा फरक सोमवारीच सगळ्यांच्या लक्षात आला होता. पण सोगाबेबाईंना सांगणार कोण? सगळ्यांनी निमूटपणे जुळवून घेतलं होतं. अख्ख्या कंपनीत बाईंना नाही म्हणणारं एक यंत्रच निघालं.

शिगेमात्सु एक अर्ज घेऊन बाईंसमोर जाऊन उभे राहिले. बाईंनी काहीच लपवलं नाही. सर्व्हर बसवायला आलेल्या माणसाला घड्याळ सात मिनिटं पुढे लावायला त्यांनीच सांगितलं होतं. लोक हल्ली बरोबर साडेआठला येऊ लागले होते, म्हणजे बाईंच्या हिशेबाने पाच मिनिटं उशिरा. म्हणून पाच मिनिटं रीतीची आणि दोन मिनिटं दारात चपला बदलायची.

"कुणाची तक्रार नाही," बाई म्हणाल्या.

"एक आहे. दर मिनिटाला येतेय. युनिक्सची."

"तो कायम आहे की कंत्राटी?"

"यंत्र आहे, सोगाबेसान."

"मग त्यालाही सात मिनिटं पुढे करा की. बाकीच्यांनी केलंच ना?"

"करतो. नियमाप्रमाणे फक्त एवढ्यावर तुमचा शिक्का लागेल." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. कंपनीची वेळ देशाच्या प्रमाणवेळेपेक्षा सात मिनिटं पुढे आहे, असे सामान्य प्रशासन विभाग प्रमाणित करतो, असा मजकूर होता.

बाईंनी शिक्का काढला, लाल शाईवर टेकवला, कागदावर नेला आणि तिथेच धरला. सव्वीस वर्षांत त्यांचा हात असा हवेत थांबलेला शिगेमात्सुंनी पाहिला नव्हता.

"हे 'देशाच्या' लिहायलाच हवं का?"

"दुसरी कुणाची प्रमाणवेळ नाही."

बाईंनी शिक्का पुसून डबीत ठेवला. "अर्ज ठेवून जा. जेवून आल्यावर बघते."

दुपारी दीडच्या सुमारास शिगेमात्सुंनी काचेच्या खोलीत तीच आज्ञा पुन्हा दिली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. काम झालं की गप्प बसायचं, ही युनिक्सची पद्धत. त्यांनी फोल्डर उघडलं, तर टॉवेलवर विणायची नौका तिच्या शिडांसकट समोर होती. पावणेदोनला पहिला माग सुरू झाला. ओसाकाच्या माणसाला येऊ नका असं कळवलंय, आणि बदलीचाही विषय आता नाही, हे संचालकांनी शुक्रवारच्या सभेत सांगितलं.

बिघाडाच्या अहवालात कारणाचा रकाना कोरा सोडता येत नाही. शिगेमात्सुंनी लिहिलं: "उभय विभागांमधील कालविषयक समन्वयाचा तात्कालिक अभाव. माहिती व्यवस्था विभागाने केलेल्या सखोल तांत्रिक विश्लेषणाअंती आणि सामान्य प्रशासन विभागाच्या बहुमोल सहकार्याने सदर अडचणीचे कायमस्वरूपी निराकरण करण्यात आले आहे." अहवालावर सहा शिक्के पडले.

सोगाबेबाईंनी सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे घेतलं होतं.