वरची फळी

आमच्या परभणीच्या ऑफिसात आशाताई खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. खांद्याची पिशवी तशीच ठेवून खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरायच्या आणि उभ्या राहायच्या. बसा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बसायला टाइम कुठाय सर? बायका वाकायल्यात तिकडं."

अशी एखादी आशाताई, गावची आरोग्यसेविका, तुमच्याही पाहण्यात असेल. ही पालमजवळच्या खेड्यातली, साठीला टेकलेली. परदेशातल्या तीन आरोग्यसंस्थांनी मिळून हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराविरुद्ध काम काढलं होतं. गावच्या आशाताईंनी म्हाताऱ्या बायकांचे फॉर्म भरायचे, मी ते तपासायचे. ज्या गावाचे फॉर्म पुरे, त्या गावाला टाचेवरून हाडांची ताकद पाहणारं यंत्र जाणार.

फॉर्मात एक प्रश्न होता, 'पंचविसाव्या वर्षी उंची किती होती?' उंची घटणं ही या दुखण्याची खूण. पण ज्यांना स्वतःचं वय धड सांगता येत नाही, त्या उंची काय सांगणार? बाकीच्या गावांनी तोंडाला येईल तो आकडा ठोकून दिला आणि मी तो मुकाट्यानं पास केला. या बाईंनी मात्र लिहून आणलं, 'लग्न झालं तेव्हा वरची फळी. आता मधली.'

"हे काय?"

"ज्या त्या बाईच्या सैपाकाच्या खोलीतली फळी, सर. नवी नवरी होती तवा वरचा डबा हाताला यायचा. आता टाचा उचलल्या तरी येत न्हाई. घर तेच, फळी तीच. दोन्ही फळ्यांतलं अंतर मापून मागं लिवलंय."

फळी हे काही माप नाही, म्हणून मी गठ्ठा परत केला. एकदा नव्हे, दोनदा. तिसऱ्या खेपेला त्या हलेनात. "एवढ्या तीन मोठ्या संस्था एक झाल्या सर. एकीच्याबी घरात फळी न्हाई का?"

मला हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. त्यांच्यासमोरच मी तिन्ही संस्थांना पत्र लिहिलं. तिघींचं एकमत व्हायला दीड महिना गेला. उत्तर आलं, फळीतलं अंतर चालेल. मी लगेच फोन लावला, तो सुनेनं उचलला.

"आत्याबाई परवा स्टुलावरून पडल्या, सर. वरचा डबा काढायला गेल्या. खुब्याचं हाड मोडलंय."

यंत्र गावात गेलं तेव्हा त्या ऑपरेशन होऊन घरी आल्या होत्या. शाळेत बायका टाच पुढं करून ओळीनं बसल्या होत्या. मी ताईंच्या घरी गेलो. खाटेवर पडूनच त्यांचा पहिला प्रश्न, "आल्या का सगळ्या?"

"आल्या. ताई, तुमचा फॉर्म कुठंय?"

"आमी भरणाऱ्या, सर. आमचा कोण भरतंय?"

मी कोरा फॉर्म काढला. हा प्रश्न मी त्यांना कधी विचारलाच नव्हता. "लग्न झालं तेव्हा?"

"वरची."

"आणि आता?"

त्यांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. "स्टूल लिवा."

आता त्या ऑफिसात येत नाहीत. परवा सगळे गेल्यावर मी त्या खुर्चीमागं उभा राहिलो आणि तिची पाठ दोन्ही हातांनी धरून पाहिली. कमरेवरचा सगळा भार उतरून हातांवर येतो. तीन खेपा त्या माझ्यासमोर अशाच उभ्या होत्या आणि मी मान खाली घालून फॉर्म तपासत होतो.